मोबाईलमधलं वायफाय फक्त नेटसाठीच असतं का?

प्रश्न असा आलाय की मोबाईल डेटा दिवसभर पुरतोय, रेंज पण चांगली आहे, मग फोनमधलं वायफाय चालू ठेवायचं कशाला आणि नेट वापरणं सोडून त्याचा दुसरा काही उपयोग असतो का. असतो, आणि बराच असतो, फक्त मधे एक समज आडवा येतो तो आधी बाजूला करू. वायफाय म्हणजे इंटरनेट असं आपण इतक्यांदा बोलतो की "वायफाय गेलं" म्हणजे नेट गेलं असंच सगळे धरून चालतात. मी नेटवर्किंगचं काम करतो, राउटर, प्रिंटर, टीव्ही, कॅमेरे, फोन ही सगळी मंडळी एकमेकांशी बोलती करून द्यायची हाच धंदा आहे, आणि येणाऱ्या तक्रारींतल्या कितीतरी नुसत्या या एका गैरसमजातून आलेल्या असतात.

वायफाय म्हणजे जवळच्या दोन उपकरणांना वायर न लावता रेडिओवरून जोडायची पद्धत, एवढंच. १९९७ साली ८०२.११ नावाचं पहिलं स्टँडर्ड आलं तेव्हा त्याचा स्पीड २ एमबीपीएस होता, आणि हेतू काय तर एकाच जागेतले कॉम्प्युटर केबलशिवाय एका नेटवर्कमधे आणायचे. इंटरनेट ही त्याच्या पलीकडची गोष्ट, राउटरच्या मागे जी लाईन येते तिच्यातून येणारी. ती लाईन बंद पडली तर नेट बंद, पण तुमचा फोन आणि राउटर यांच्यातलं कनेक्शन जसंच्या तसं असतं. पुढच्या वेळी नेट जाईल तेव्हा बघा, फोनवर वायफायचं चिन्ह तसंच राहतं, फार तर बाजूला एक उद्गारचिन्ह येतं, आणि त्याच वेळी घरच्या वायफाय प्रिंटरला फोनवरून प्रिंट दिली तर ती व्यवस्थित निघते. म्हणजे नेट नसताना वायफायचा उपयोग होतो, आणि दोन फोन एकमेकांना थेट जोडता येतात त्यामुळे राउटर नसताना पण होतो. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप उलगडत जातं.

सगळ्यात रोजचा उपयोग म्हणजे फाईल पाठवणे. अँड्रॉइडवर क्विक शेअर (आधी ह्यालाच निअरबाय शेअर म्हणायचे, २०२४ मधे नाव बदललं), आयफोनवर एअरड्रॉप. लोकांना वाटतं हे ब्लूटूथवर चालतं कारण ते चालू करायला सांगतं, पण ब्लूटूथचं काम शेजारी कोण आहे हे शोधण्यापुरतं, एकदा समोरचा फोन सापडला की दोन्ही फोन आपसात थेट वायफायचं कनेक्शन बनवतात आणि फाईल त्याच्यावरून जाते. फरक किती पडतो बघा, एक जीबीचा व्हिडिओ नुसत्या ब्लूटूथवरून पाठवला तर तासभर लागू शकतो, थेट वायफायवर चांगल्या फोनमधे मिनिटाभराचं काम आहे. डेटा एक थेंब खर्च होत नाही, क्वालिटी पण कमी होत नाही. मेसेजिंग ॲपवरून फोटो पाठवला की तो दाबला जातो, मग लोक म्हणतात प्रिंट काढल्यावर फोटो फुटतो, तर फुटणारच ना, मूळ फोटो पाठवलाच नव्हता. लग्नाचे, ट्रिपचे फोटो आपसात घ्यायचे असतील तर हाच रस्ता धरा. मात्र ह्यासाठी वायफायचं बटण चालू लागतं, कुठल्या नेटवर्कला जोडलेलं नसलं तरी चालेल, "मी वायफाय वापरतच नाही" म्हणून ते कायमचं बंद करून ठेवणाऱ्यांच्या फोनवर शेअरिंग सुरू होतानाच ते आधी चालू करा म्हणून विचारतं, त्याचं कारण हे.

फोनमधून कॉम्प्युटरवर फाईल न्यायची असेल तर केबल शोधत बसायची गरज नाही. बऱ्याच फाईल मॅनेजर ॲपमधे एफटीपी सर्व्हर (एफटीपी म्हणजे नेटवर्कवरून फाईल द्यायघ्यायची एक जुनी पद्धत) किंवा पीसीला पाठवा असा काहीतरी पर्याय असतो, तो चालू केला की एक पत्ता दिसतो, एफटीपी, मग कोलन, दोन तिरक्या रेघा आणि १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा, शेवटी पुन्हा कोलन आणि पोर्ट नंबर. इथे हमखास अडकतात. पत्ता ब्राउझरमधे टाकतात आणि काहीच उघडत नाही, मग म्हणतात ॲप फालतू आहे. ॲप बरोबर आहे, क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनी २०२१ मधे एफटीपीचा सपोर्ट काढून टाकला. विंडोजवर असाल तर कुठलंही फोल्डर उघडा, वर जिथे फोल्डरचा पत्ता दिसतो तिथे क्लिक करून हा पत्ता जसाच्या तसा टाईप करा आणि एंटर मारा, फोनमधली सगळी फोल्डरं समोर येतात, ओढा आणि टाका. दोन अटी, फोन आणि कॉम्प्युटर एकाच नेटवर्कवर हवेत, आणि काम झालं की ॲपमधे तो सर्व्हर बंद करायचा, कारण एफटीपीवर काहीच एन्क्रिप्ट होत नाही, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येऊ नये असं कुलूप लागत नाही, पासवर्ड पण उघडाच जातो. घरी ठीक आहे, बाहेरच्या सार्वजनिक वायफायवर हे अजिबात करू नका.

नवीन फोन घेतला की जुन्यातलं सगळं नव्यात घेणं पण बहुतेक वेळा अशाच थेट वायफायवरून होतं, दोन्ही फोन शेजारी ठेवायचे, चार्जरला लावायचे आणि मधे उठवायचे नाहीत. ह्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही.

टीव्हीवर फोन दाखवणे हा दुसरा मोठा उपयोग आणि ह्यात दोन वेगळ्या गोष्टींची भेसळ होते. कास्ट करणं वेगळं आणि स्क्रीन मिरर करणं वेगळं. कास्ट करताना तुमचा फोन टीव्हीला फक्त सांगतो की हा हा व्हिडिओ लाव, मग टीव्ही स्वतः नेटवरून तो खेचतो, फोन बाजूला ठेवा, कॉल घ्या, दुसरं ॲप उघडा, टीव्हीवर व्हिडिओ चालूच. मिररिंगमधे फोनची आख्खी स्क्रीन सतत व्हिडिओ बनवून टीव्हीला पाठवली जाते, मेसेज आला तर तो पण सगळ्या घराला दिसतो, फोन गरम होतो, बॅटरी पळते, जरा रेंज कमी असली की चित्र अडखळतं. मिराकास्ट ही मिररिंगची पद्धत २०१२ ची, ती राउटरशिवाय फोन ते टीव्ही थेट चालते, त्यामुळे नेट नसलेल्या जागी प्रेझेंटेशन दाखवायला बरी पडते. सिनेमा बघायचा असेल तर कास्ट, फोनमधले फोटो किंवा एखादं कास्टचं बटण नसलेलं ॲप दाखवायचं असेल तरच मिरर, माझं मत असं आहे.

टीव्ही यादीत दिसतच नाही अशी तक्रार पण नेहमीची. बरेच जण सांगतात की फोन ५ गिगाहर्ट्झवर आहे आणि टीव्ही २.४ वर म्हणून दिसत नाही. सहसा तसं नसतं, एकाच राउटरचे दोन्ही बँड, म्हणजे रेडिओ लहरींचे हे दोन पट्टे, एकाच नेटवर्कमधे असतात, एकमेकांना दिसतात. खरं कारण बहुतेकदा गेस्ट वायफाय असतं. पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवर राउटर मुद्दाम प्रत्येक उपकरणाला वेगळं ठेवतो, नेट सगळ्यांना मिळतं पण शेजारचा कोणी दिसत नाही. हॉटेल, हॉस्टेलच्या वायफायवर पण तेच, तिथे कास्टिंग, प्रिंटिंग सहसा चालत नाही आणि ते तसंच असलेलं बरं, नाहीतर कुणीही तुमच्या खोलीतल्या टीव्हीवर काहीही लावेल. फोनवर व्हीपीएन (सगळं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारी सोय) चालू असेल तरी कधी कधी टीव्ही गायब होतो, तो बंद करून बघा.

प्रिंटचं आधी बोललोच. आयफोनवर २०१० पासून एअरप्रिंट आहे, अँड्रॉइड ८ पासून फोनमधेच प्रिंट सर्व्हिस येते, म्हणजे बऱ्याच वायफाय प्रिंटरना वेगळं ॲप लागतच नाही. फोटो किंवा पीडीएफ उघडा, शेअर किंवा मेनूमधून प्रिंट निवडा, प्रिंटर यादीत येतो. कंपनीचं भलंमोठं ॲप टाकून त्यात अकाउंट उघडायच्या आधी हे एकदा करून बघा.

आता माझ्या मते सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, वायफाय कॉलिंग. तळमजल्यावर, लिफ्टजवळ, जाड भिंतींच्या खोलीत फोनला एक काडी रेंज असते, कॉल तुटतो, ओटीपी येत नाही, आणि त्याच खोलीत वायफाय मात्र फुल असतं. वायफाय कॉलिंग चालू असेल तर तुमचा साधा कॉल, म्हणजे व्हॉट्सॲपचा नाही, नेहमीच्या नंबरवरून नेहमीच्या डायलरने लावलेला कॉल, वायफायवरून ऑपरेटरकडे जातो. समोरच्याला काही कळत नाही, त्याच्याकडे वायफाय असण्याची पण गरज नाही. फोन आणि ऑपरेटरच्या सर्व्हरमधे एक एन्क्रिप्टेड बोगदा तयार होतो आणि कॉल त्यातून जातो, म्हणून तुमच्या ऑपरेटरने ही सोय दिलेली असली पाहिजे आणि फोनने पण. सेटिंगमधे सिमच्या नाहीतर कॉलच्या भागात हे बटण असतं, पण प्रत्येक कंपनी त्याला वेगळ्याच कोपऱ्यात लपवते, त्यामुळे सेटिंगच्या वरच्या सर्चमधे वायफाय कॉलिंग टाईप करणं सगळ्यात सोपं. डेटा किती खातं असं विचारतात, आवाजाला १०० केबीपीएस पण लागत नाहीत, म्हणजे अगदी हळू नेटवर सुद्धा चालतं, फक्त नेट अडखळणारं नको.

एक गोष्ट लक्षात ठेवा, मोबाईलची रेंज अगदीच शून्य नसून अर्धवट असते तेव्हा फोन हट्टाने त्याच अर्धवट रेंजला धरून बसतो आणि वायफाय कॉलिंग चालू असून पण कॉल तुटत राहतो. काही फोनमधे वायफायला प्राधान्य असा पर्याय असतो तो निवडा. नसेल तर एअरप्लेन मोड चालू करून त्याच्यावर वायफाय परत चालू करा, फोनला मग दुसरा रस्ताच उरत नाही आणि कॉल वायफायवरूनच जातो, बहुतेक ठिकाणी एसएमएस पण येतात. ऑफिसच्या वायफायवर हे चालत नाही पण घरी चालतं असं असेल तर तिथल्या फायरवॉलने (नेटवर्कच्या दारावरच्या राखणदाराने) यूडीपीचे ५०० आणि ४५०० हे पोर्ट अडवलेले असण्याची शक्यता मोठी, तिथल्या आयटीवाल्याला एवढे दोन आकडे सांगितले तरी त्याला कळेल. आणि इमर्जन्सी नंबर लावायचा असेल तर शक्यतो मोबाईल नेटवर्कवरूनच लावा, वायफायवरून गेलेल्या कॉलमधे तुम्ही नेमके कुठे आहात हे समोरच्यांना नीट कळेलच असं नाही, म्हणून पत्ता तोंडाने सांगायची तयारी ठेवा.

हॉटस्पॉट सगळ्यांना माहितीय, फोनचा डेटा लॅपटॉपला देणे, पण त्यात पण तीन चार गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे बँड. हॉटस्पॉटच्या सेटिंगमधे २.४ की ५ असं विचारलं असेल तर लॅपटॉप शेजारीच असताना ५ घ्या, स्पीड चांगला मिळतो, दुसऱ्या खोलीत जायचं असेल किंवा जोडायचं उपकरण जुनं असेल तर २.४. आयफोन १२ आणि त्यापुढच्यात हेच मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी ह्या नावाने येतं, ते चालू केलं की २.४ वर जातो. दुसरी म्हणजे लॅपटॉपला हॉटस्पॉट आणि घरचं वायफाय यातला फरक आपोआप कळेलच असं नाही, त्याला वाटतं आलं वायफाय आणि तो लागतो विंडोज अपडेट उतरवायला, फोटो क्लाउडवर चढवायला, आणि दुपारपर्यंत तुमचा दिवसाचा डेटा साफ. लॅपटॉपच्या सेटिंगमधे त्या कनेक्शनला मीटर्ड, म्हणजे डेटा जपून वापरायचं, असं करून टाका, मॅकवर आणि आयफोनवर लो डेटा मोड असतो, एकदाच करायचं काम आहे.

तिसरी गोष्ट कमी लोकांना माहिती असते. अँड्रॉइड फोनवर मोबाईल डेटा बंद ठेवून, सिम नसताना सुद्धा बऱ्याचदा, हॉटस्पॉट चालू करता येतो. नेट नाही तर काय उपयोग, असं वाटेल, पण तुमच्या फोनने एक छोटं नेटवर्क तयार केलं ना. दुसरे फोन त्याला जोडा आणि लॅनवर, म्हणजे नेट न लागता आपसातल्या नेटवर्कवर, चालणारे गेम खेळा, वर सांगितलेल्या एफटीपीने फाईली घ्या, एखादा व्हिडिओ एका फोनवरून दुसऱ्यावर लावा. डोंगरात, बसमधे, जिथे कुणालाच रेंज नाही तिथे हे चालतं. चौथी उलटी गंमत, कॉम्प्युटरमधे वायफायच नसेल किंवा त्याचं वायफाय कार्ड बिघडलं असेल तर अँड्रॉइड फोन घरच्या वायफायला जोडा, यूएसबी केबलने कॉम्प्युटरला लावा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक फोन मोबाईल डेटा न देता वायफायचं नेट पुढे देतात, म्हणजे फोनचा झाला वायफाय डोंगल. नवीन विंडोज टाकल्यावर वायफायचा ड्रायव्हर नसतो आणि ड्रायव्हर उतरवायला नेट लागतं, त्या वेळी ह्याच्यावर माझी किती कामं निघालीत. काही अँड्रॉइड फोन वायफायचंच नेट पुन्हा वायफायने वाटू शकतात, म्हणजे सिग्नल पुढे वाढवणाऱ्या रिपीटरसारखे, आयफोनमधे ते होत नाही, त्यात हॉटस्पॉटला मोबाईल डेटाच लागतो.

कॅमेरे, ॲक्शन कॅम, ड्रोन, डॅशकॅम ह्यांचं एक वेगळंच प्रकरण असतं. ही उपकरणं स्वतःचं वायफाय तयार करतात, तुम्ही फोन त्याला जोडायचा आणि ॲपमधून फोटो घ्यायचे नाहीतर लाइव्ह चित्र बघायचं. आता ह्या वायफायला नेट नसतं. फोन जोडला जातो, चार सेकंदांनी त्याच्या लक्षात येतं की इथे इंटरनेट नाही, तो खाली एक छोटा मेसेज दाखवतो की ह्या नेटवर्कला नेट नाही, तरी जोडलेलं राहायचं का, तुम्ही तो वाचत नाही, आणि फोन गुपचूप मोबाईल डेटावर परत जातो. मग ॲप म्हणतं कॅमेरा सापडला नाही. कॅमेरा सर्व्हिस सेंटरला नेतात हो लोक ह्याच्यासाठी! तो मेसेज आला की हो, जोडलेलं राहू दे असं म्हणायचं, मेसेज हुकला तर मोबाईल डेटा तेवढ्यापुरता बंद करायचा आणि स्मार्ट नेटवर्क स्विच, वायफाय असिस्ट, ॲडॅप्टिव्ह वायफाय अशा नावाचं जे काही असेल ते बंद करायचं. बाकी काही करावं लागत नाही.

स्मार्ट बल्ब, प्लग, घरातले कॅमेरे ह्यांच्यातले बरेचसे फक्त २.४ गिगाहर्ट्झ समजतात, कारण ती चिप स्वस्त पडते आणि २.४ ची रेंज भिंतींमधून जास्त लांब जाते. सेटअप करताना फोन ५ वर असेल तर ॲप तेच नाव बल्बला सांगतं आणि बल्बला ते नेटवर्क ऐकूच येत नाही. राउटरमधे दोन्ही बँडना वेगळी नावं द्या किंवा तेवढ्या वेळापुरतं ५ बंद करा, एकदा बल्ब जोडला की फोन परत ५ वर नेला तरी चालतं.

जुना फोन पडून असेल तर तो पण नुसत्या वायफायवर पुष्कळ काम देतो. सिम काढा, घरच्या वायफायला जोडा आणि त्याला घरातला कॅमेरा करा, टीव्हीचा रिमोट करा, पोरांना अभ्यासाचे व्हिडिओ बघायला द्या, स्वयंपाकघरात गाणी लावायला ठेवा. कॉम्प्युटरला वेबकॅम म्हणून पण वायफायवरून जोडता येतो, त्यासाठी ॲप आहेत, आणि आयफोन व मॅकची जोडी असेल तर २०२२ पासून ती सोय आतच आहे. सतत चार्जरला लावून ठेवणार असाल तर बॅटरी फुगत नाही ना हे अधूनमधून बघत जा.

आमच्या धंद्यातला उपयोग म्हणजे फोन हेच तपासायचं यंत्र. घरात रेंज कुठे येत नाही हे काड्यांवरून कळत नाही, काड्या प्रत्येक कंपनी आपल्या मनाने दाखवते. आकडा बघायचा. अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं कुठलंही साधं ॲप, किंवा डेव्हलपर ऑप्शनमधे (सेटिंगमधला एरवी लपलेला भाग) वायफाय व्हर्बोज लॉगिंग चालू केलं की वायफायच्या यादीतच प्रत्येक नावाखाली आकडा दिसायला लागतो. आयफोनवर ॲपलचंच एअरपोर्ट युटिलिटी ॲप घ्या, सेटिंगमधे त्याचा वायफाय स्कॅनर चालू करा. आकडा उणे डीबीएममधे (सिग्नलची ताकद मोजायचं माप) येतो, जितका शून्याच्या जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे मस्त, उणे ६७ च्या आसपासपर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० च्या पलीकडे गेलात की नावापुरतंच जोडलेलं. हातात फोन धरून घरभर हळूहळू चालत फिरा, दार बंद करून बघा, फ्रिजच्या मागे, आरशाच्या मागे बघा, राउटर कुठे ठेवायचा ह्याचं उत्तर तुम्हालाच मिळेल. राउटर टीव्हीच्या मागे नाहीतर लोखंडी कपाटात कोंबलेला असतो आणि वर तक्रार असते की स्पीड येत नाही. २.४ वर आजूबाजूच्यांची गर्दी किती आणि कुठल्या चॅनलवर हे पण त्याच ॲपमधे दिसतं, तिथे १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांवर चढत नाहीत, त्यातला सगळ्यात मोकळा घ्यायचा, मधला ३ किंवा ८ घेतलात तर दोन्हीकडचा त्रास पदरात. मायक्रोवेव्ह ओव्हन पण साधारण २.४५ वरच चालतो, तो चालू असताना नेट अडकतं असं वाटत असेल तर ते खरं असू शकतं.

पासवर्ड सांगत बसायची गरज आता नाही, अँड्रॉइड १० पासून वायफायच्या सेटिंगमधे शेअर दाबलं की क्यूआर कोड येतो, समोरच्याने स्कॅन केला की जोडला गेला. फक्त त्या क्यूआरमधे पासवर्ड साध्या अक्षरात असतो, कुठलंही कुलूप नाही, त्यामुळे त्याचा फोटो स्टेटसला ठेवणं म्हणजे पासवर्ड लिहून ठेवण्यासारखंच. आणि शेजाऱ्याचं वायफाय हॅक करून देतो म्हणणारी जी ॲप असतात ती टाकू नका, ती तुमच्याच फोनमधलं काहीतरी घेऊन जातात, जाहिराती तर दाखवतातच.

बाहेरच्या फुकट वायफायवर लॉगिनचं पान उघडत नाही, हा पण नेहमीचा प्रश्न. त्या पानाला तुमची रिक्वेस्ट मधे अडवून वळवावी लागते आणि एचटीटीपीएसच्या, म्हणजे एन्क्रिप्टेड साईटवर ते करता येत नाही. ब्राउझरमधे नेव्हरएसएसएल डॉट कॉम टाका, ती साईट ह्याच कामासाठी साधी ठेवलेली आहे, लॉगिनचं पान येतं. तरी नाही आलं तर फोनमधलं प्रायव्हेट डीएनएस आणि व्हीपीएन तेवढ्यापुरतं बंद करा. अशा वायफायवर बँकेचं ॲप उघडू का असं विचाराल तर आजकाल ॲप आणि साईट सगळं एन्क्रिप्टेडच जातं, पूर्वीइतकी भीती नाही, पण साईटचं प्रमाणपत्र चुकीचं आहे असा इशारा आला तर तो ओलांडून पुढे जायचं नाही, आणि पैशाचं काम असेल तर मी तरी मोबाईल डेटावर जातो, डेटा आहेच ना तुमच्याकडे.

एक उपयोग तर तुम्ही न जोडता पण चालू असतो, लोकेशन. इमारतीच्या आत जीपीएसचा सिग्नल जेमतेम येतो, तेव्हा फोन आजूबाजूच्या राउटरची यादी बघतो, प्रत्येक राउटरचा एक वेगळा क्रमांक असतो, आणि कुठला क्रमांक कुठे आहे ह्याचे मोठे साठे गूगल आणि ॲपलकडे आहेत, त्यावरून जागा काढली जाते. म्हणून तर वायफाय बंद केलं की मॅप म्हणतो अचूकतेसाठी वायफाय चालू करा. अँड्रॉइडवर लोकेशनच्या आत वायफाय स्कॅनिंग असं वेगळं बटण आहे, ते चालू असेल तर वर वायफाय बंद दिसत असून सुद्धा फोन अधूनमधून कान देतच असतो. आयफोनवर कंट्रोल सेंटरमधलं वायफायचं बटण दाबलं तर ते खरं बंद होतच नाही, नेटवर्कपासून फक्त सुटतं आणि पहाटे ५ वाजता आपलं आपण परत जोडायला लागतं. खरंच बंद करायचं असेल तर सेटिंगमधे जाऊन करावं लागतं. तुमचा राउटर त्या साठ्यात नको असेल तर वायफायच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोअर देऊन इंग्रजीत नोमॅप लावायचं, गूगल आणि ॲपल दोघं ते मानतात.

बॅटरीचं म्हणाल तर वायफाय चालू ठेवल्याने बॅटरी उतरते हे जुनं डोक्यात बसलेलं आहे. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा एक छोटा इशारा पाठवतो, फोनचं वायफाय मधल्या वेळात झोपतं आणि काही काम असेल तरच पूर्ण जागं होतं. उलट कमजोर मोबाईल रेंजमधे डेटा वापरताना फोनला जास्त ताकदीने ओरडावं लागतं, बॅटरी तिथे जाते. म्हणून घरात, ऑफिसात वायफाय चालू असू द्या, डेटा कितीही असला तरी. बाहेर पडल्यावर पण बंद करायची गरज नाही, नवे फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळाच बनावट मॅक पत्ता (फोनच्या वायफायचा ओळख क्रमांक, ॲपलच्या मॅकशी संबंध नाही) देतात, आयफोनमधे आयओएस १४ पासून आणि अँड्रॉइडमधे १० पासून, त्यामुळे पूर्वीसारखा फोनचा माग काढता येत नाही. राउटरमधे मॅक फिल्टर (ठरावीक मॅक पत्त्यांनाच आत घेणं) लावून ठेवलं असेल तर मात्र ह्याच कारणाने घरचाच फोन अनोळखी दिसतो आणि अडवला जातो, तेव्हा घरच्या नेटवर्कपुरतं फोनचा खरा मॅक पत्ता वापरा असं निवडायचं. बाहेरच्या नेटवर्कांचं आपोआप जोडणं तेवढं बंद करा, कारण नाव सारखं ठेवून कुणीही नकली हॉटस्पॉट उभा करू शकतो आणि उघड्या, बिनपासवर्डच्या नेटवर्कच्या बाबतीत फोन नावालाच भुलतो. हे बटण वायफायच्या यादीत त्या त्या नावाच्या आत असतं, सेव्ह केलेल्या नेटवर्कची यादी एकदा उघडून बघाच, कुठल्या कुठल्या स्टेशनची, हॉटेलांची, कधीतरी गेलेल्या दवाखान्याची नावं निघतील, ती सगळी फर्गेट करून टाका.